इंदूरमार्गे वडाळा

लालबाग

निघायच्या आधीच आम्ही जिंकलो होतो, हे मला लालबागच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवरून कळलं. 'राष्ट्रीय कबड्डी महासंग्रामासाठी इंदूरकडे कूच करणाऱ्या आमच्या रणरागिणींना विजयी शुभेच्छा!' मधोमध एक दादा हात जोडून पुरुषभर उंचीचे उभे होते. त्यांच्या भोवती शुभेच्छुकांचे चेहरे जेवणाच्या ताटाएवढे. आणि ज्यांना शुभेच्छा द्यायच्या त्या रणरागिणी अगदी खाली, पोस्टाच्या तिकिटांसारख्या ओळीने चिकटवलेल्या. माझी भाची सानिका दादांच्या बुटाजवळ सापडली. आमच्या गिरगावातही फ्लेक्स लागतात, पण तिथे माणसाला निदान आधी काहीतरी करावं लागतं. फारच झालं तर वाढदिवस.

मी जन्माने लालबागची, लग्नाने गिरगावची. माझा धाकटा भाऊ विलास अजून चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीत राहतो. सानिका त्याची मुलगी, तेरा वर्षांची. चाळीमागच्या मंडळाच्या मैदानात मातीत लोळून कबड्डी शिकली आणि खरंच चांगली खेळते. हे मी आत्या म्हणून सांगत नाही. आत्या म्हणून मला वाटतं तिने वाचावं.

गेल्या वर्षी परळमध्ये एक अकादमी निघाली. मॅट, ट्रॅकसूट, ब्लेझर आणि 'टूरिंग स्क्वॉड'. म्हणजे देशभर फिरून सामने खेळणारा संघ. अकादमीच्या सरांनी सानिकाला उचललं. आधी इंदूर, मग जमलं तर काठमांडू. अट अशी, की स्क्वॉडमध्ये जायचं तर मंडळाचं मैदान सोडायचं आणि शाळेकडूनही खेळायचं नाही. इंदूरहून परतल्यावर हो की नाही ते सांगायचं होतं. घरात विलासचं हो ठरलेलं होतं. तिची आई, सुजाता, दोन्ही बाजूंना झुकत होती.

"ताई, मला ऑफिसातून रजा मिळत नाही. मुलींबरोबर घरचं बाईमाणूस हवं म्हणतायत सर. तुम्ही जा," ती मला म्हणाली. "आणि नुसतं जाऊन येऊ नका. बघून या."

"काय बघू?"

"हे सगळं खरं आहे का ते. तुम्ही म्हणाल तसं करू."

सुजाताला दोष देण्यात अर्थ नाही. आमचे बाबा कबड्डी खेळायचे म्हणून मिलमध्ये चिकटले. गिरणगावात कबड्डी हा नुसता खेळ कधीच नव्हता, तो नोकरीचा अर्ज होता. मिल गेल्या, तरी पोलिसांत, रेल्वेत खेळाडूंची भरती होते हे घराघरात पाठ आहे. सानिकाच्या आईच्या डोळ्यांपुढे काठमांडू नव्हतंच. तिला टेबल-खुर्ची आणि पेन्शन दिसत होती.

पहिला धक्का मला निघायच्या दिवशी सकाळीच बसला, तोही मसाल्याच्या दुकानात. मी वर्षाची मिरची बघायला म्हणून डोकावले, तर अख्खा संघ दुकानासमोर रांगेत उभा. मिरचीची पोती तोलायच्या काट्यावर सर एकेका मुलीला चढवत होते. खालच्या डंकात तिखट कुटलं जात होतं, मुली शिंकत होत्या, आणि दर शिंकेला काट्यावरचे आकडे उड्या मारत होते.

"सर, हे काय?"

"मॅडम, वेट कॅटेगरी. या वयोगटात वजनाची मर्यादा असते. एका मुलीचं जास्त भरलं तर ती बाद." मग सानिकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही थोडी वर आहे. पण टेन्शन नाय घ्यायचं. इंदूरला पोचेपर्यंत उतरवू."

इंदूर एका रात्रीच्या अंतरावर होतं. कसं उतरवणार, हे मला संध्याकाळी कळलं. सुजाताने माझ्यासाठी डबा भरला. घावणे, सुकी बटाट्याची भाजी, एका डबीत तिखट चटणी. एकच डबा.

"आणि सानिकाचा?"

सुजाताने डब्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट बसवलं. "सरांनी नाही सांगितलंय. दुपारपासून काही दिलेलं नाही. पाणी पण ओठ ओले करण्यापुरतंच."

आमच्या घरातून माणूस कोकणात जावो की नुसता दादरपर्यंत, डब्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडलेला मी पाहिला नव्हता. माझी आजी तर हॉस्पिटलात भरती व्हायला निघालेल्या माणसालाही डबा द्यायची. त्या घरातली सगळ्यात लहान मुलगी उपाशी निघाली, आणि निघताना चाळीने हलगी वाजवली.

रतलाम

गाडीत संघाला खिडक्या मिळाल्या, आम्हा पालकांना एकमेकांचा सहवास. माझ्या समोर रिद्धीची मम्मी होती. तिचं स्वतःचं नाव मला परत येईपर्यंत कळलं नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरही ती 'रिद्धीची मम्मी' अशीच होती. तिने शिट्ट्या, पिपाण्या आणि मुलीच्या फोटोची छापील टोपी आणली होती.

"आमची रिद्धी बारीक आहे ना, तिला टेन्शनच नाही," असं म्हणत तिने मुलीपुढे बटर लावलेली पोळी, चिवडा आणि बेसनाचे लाडू मांडले. रिद्धी बिचारी भिंतीकडे तोंड करून खात होती.

वरच्या बर्थवर सानिका च्युइंगगम चघळत होती आणि मधूनमधून रिकाम्या बाटलीत थुंकत होती. मी उठून बघितलं.

"हे काय करतेस गं?"

"थुंकतेय. सर म्हणाले, थुंकीचं पण वजन असतं."

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. माणसं काय काय लिहितात हे वाचून झालंय, त्यामुळे मला सहसा शब्द सुचतात. या वेळी हात आधी चालला. मी डबा उघडला आणि एक घावणा तिच्यापुढे धरला.

"खा. सरांना मी सांगते."

"आत्या, प्लीज ना." तिने मान फिरवली. "मी बाद झाले आणि टीम हरली तर सगळ्या मला काय बोलतील? तूच खा. आणि तिकडे तोंड करून खा."

मग मीही जेवले नाही. त्याने तिचं वजन कमी होणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

सकाळी रतलाम आलं. रतलामच्या फलाटावरच्या पोह्यांबद्दल मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं. आपले पोहे फोडणीतले, कांदा परतलेले. इथले वाफेवरचे, पिवळेधमक, हलके. वर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि आंबटगोड मसाला. विक्रेता खिडकीपाशी कागदी द्रोण भरत उभा राहिला आणि डबाभर वास पसरला. सरांनी दोन द्रोण घेतले. सानिका त्यांच्याकडे बघत होती.

"सर, वास घेतला तर चालतो का?"

ती चेष्टा करतेय असं मला वाटलं. ती खरंच विचारत होती. आणि सरांनी घास गिळून, पूर्ण विचार करून, खरंच उत्तर दिलं. "वासाने काही होत नाही. घे."

इंदूर

इंदूर स्वच्छ शहर आहे, असं तिथली भिंत न् भिंत सांगते, आणि आश्चर्य म्हणजे ते खरंही आहे. रस्त्यावर कागद पडलेला दिसला की उचलायची इच्छा होते, पण तो पडलेलाच नसतो. स्टेशनवरून रिक्षाने आम्ही थेट मैदानावर गेलो. एका शाळेच्या पटांगणात मांडव, निळी-केशरी मॅट, आणि दाराशी कमान. कमानीवर भारताचा नकाशा, त्यावर प्रत्येक राज्यात एकेक कबड्डीपटू काढलेला.

उद्घाटन उन्हात होतं. म्हणजे मुली उन्हात आणि पाहुणे मांडवात. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येईपर्यंत येऊन गेलेल्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. एका गृहस्थांनी सूत्रसंचालकाचा सत्कार केला, मग सूत्रसंचालकाने त्या गृहस्थांचा. प्रथमोपचाराच्या टेबलावर गुच्छांचा ढीग साठला होता आणि त्यामागची खुर्ची रिकामी होती. सत्काराच्या बाबतीत आपण महाराष्ट्रात अव्वल आहोत असा माझा समज होता. तो मी इंदुरात सोडून आले.

मग संचलन सुरू झालं. माइकवरून आवाज आला, "कश्मीर से कन्याकुमारी तक की बेटियाँ!" आणि खरोखरच एकामागून एक राज्यांच्या पाट्या येऊ लागल्या. हरयाणा. पंजाब. केरळ.

केरळची पाटी सानिकाच्या हातात होती.

मी चष्मा पुसला. केरळच होतं. मागे रिद्धी, तिच्या हातात आसाम. मी उठून कडेकडेने सरांपर्यंत गेले.

"सर, आपल्या मुली केरळ का झाल्यात?"

"काही टीम आल्या नाहीत ना मॅडम. पाट्या छापून तयार होत्या. प्रमुख पाहुण्यांना बरं दिसतं."

"किती टीम आल्या नाहीत?"

सर टाळ्या वाजवू लागले. पाहुणे आले होते.

खरी बातमी मला सरांकडून नाही, सानिकाकडून कळली. भाषणं चालू असताना केरळ आणि पंजाब शेजारी बसले होते. पंजाबची पाटी एका उंच, सावळ्या, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या मुलीने उलटी करून डोक्यावर धरली होती, ऊन लागू नये म्हणून. सानिकाने पंजाबला हिंदीत विचारलं, "आप कहाँ से?"

पंजाब म्हणाला, "वडाळा. तू?"

"लालबाग!"

"काय सांगतेस! मग हिंदी कशाला मारतेस?"

तिचं नाव प्रज्ञा. वडाळ्याच्याच एका अशाच अकादमीकडून, त्याच गाडीच्या मागच्या डब्यातून आली होती. मुलींच्या गटात एकूण तीन संघ होते. एक आमचा, एक वडाळ्याचा आणि एक दादरचा. काश्मीर ते कन्याकुमारी हा सगळा प्रदेश बसच्या एका तिकिटात बसत होता. आम्ही अर्ध्या देशाला वळसा घालून वडाळ्याशी खेळायला आलो होतो.

मला वाटलं, याहून मोठा धक्का आज बसणार नाही. तेवढ्यात मी वजनकाटा कुठे दिसतो का ते बघायला लागले. सानिकाचे ओठ पांढरे पडले होते आणि ती सारखी जीभ फिरवत होती. वजन एकदाचं झालं असतं तर तिला पाणी तरी पाजता आलं असतं.

सर आणि वडाळ्याचे सर मांडवाच्या खांबाशी चहा पीत उभे होते. खांद्यावर हात, जुनी ओळख.

"सर, वजन कधी घेणार?"

"वजन कॅन्सल मॅडम." सरांनी मोठ्या मनाने सांगितलं. "तीनच टीम, तिन्ही आपल्याच मुंबईच्या. आम्ही आपसांत ठरवलं. आपलीच पोरं आहेत, कशाला वजनं करत बसायची!"

"ती कालपासून उपाशी आहे."

"हो, मग आता खाऊ शकते ना!" आणि लगेच, "पण मॅच झाल्यावर. पाहुण्यांना विमान आहे, म्हणून डायरेक्ट फायनल लावलीय. भरल्या पोटी कबड्डी नाय खेळत मॅडम, एवढं तर तुम्हाला माहीत असेल."

दादरला बसल्या जागी कांस्यपदक मिळालं होतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. मी पाण्याची बाटली आणि एक केळं घेऊन सानिकाकडे धावले. तिने दोन घोट घेतले. केळ्याकडे बघून तिनेच म्हटलं, "अर्धंच," आणि ते अर्धंसुद्धा तिला गिळता आलं नाही.

सामना कसा झाला ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी खेळाकडे बघतच नव्हते. मी एका मुलीच्या पायांकडे बघत होते. रिद्धीची मम्मी माझ्या कानाशी पिपाणी वाजवत होती. "सानिकाऽऽ, मार तिला! आत घुस ना!" असं तिचं चालू होतं, आणि तिची स्वतःची मुलगी राखीव खेळाडूंत बसून नखं खात होती. वडाळ्याकडची एक आई पंचांना उद्देशून जे बोलत होती ते मी लालबागच्या नळावरही ऐकलेलं नाही.

गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई होती. सानिका गेली. कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहायचं असतं. दम तुटला, आवाज थांबला की तो बाद. सानिका डाव्या कोपऱ्याकडे वळली, तिने हात टाकला, आणि प्रज्ञाने खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला. पकड पक्की होती. सानिका मध्यरेषेकडे पालथी पडली.

आणि मग प्रज्ञाने पाय सोडून दिला.

सोडून ती उठून बसली आणि ओरडली, "ए, हिला बघा! ही हलत नाहीये!"

पंचांनी शिट्टी मारली. सानिकाचा एक हात मध्यरेषेच्या पलीकडे, आमच्या बाजूला पडला होता. आमचे सर दोन्ही हात वर करून मॅटच्या कडेला नाचत होते. "पकड सुटली! टच आहे, टच! पॉइंट आमचा!" रिद्धीची मम्मी मला मिठी मारत होती. मी तिला बाजूला सारलं. मी आयुष्यात प्रथमच एखाद्या बाईला ढकललं असेन.

माझ्या आधी तिथे एक बाई पोचल्या होत्या. त्या प्रज्ञाची मावशी, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. त्यांनी सानिकाला उताणं केलं, पाय वर उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि गालावर थापटायला लागल्या. "सानिका ना गं तुझं नाव? बघ माझ्याकडे. बघ." तिने डोळे उघडले. मावशींनी पर्समधून साखर-मिठाची पुडी काढून पाण्यात हलवली आणि घोटघोट पाजलं. मग मान वर न करता मला विचारलं, "शेवटचं कधी जेवलीय?"

"काल दुपारच्या आधी."

"वजनासाठी?"

"हो."

"आमच्या सरांनी पण प्रज्ञाला तेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी गाडीत बसल्या बसल्या तिला दोन चपात्या खायला लावल्या. सरांना म्हटलं, बाद झाली तर झाली. कबड्डी माझ्या भाचीसाठी आहे, भाची कबड्डीसाठी नाही."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. माझ्या पिशवीतला डबा अजून भरलेला होता, एवढंच मला आठवतं.

गुण आम्हाला दिला गेला होता. सुवर्णपदक परळ, रौप्य वडाळा, आणि महासंग्रामातली सर्वोत्कृष्ट चढाईपटू: सानिका. ती खुर्चीवर बसून होती, म्हणून करंडक सरांनी उचलला आणि फोटोपुरता तिच्या मांडीवर ठेवला. प्रमुख पाहुण्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "केरल की बेटी, शाबाश," असं म्हणून ते विमान गाठायला गेले.

मी सरांना एकच प्रश्न विचारला. "सर, या सर्टिफिकेटवर पुढे भरतीत काही उपयोग होतो का?"

सरांनी करंडक रुमालाने पुसला. "मॅडम, एक्सपोजर मिळतं."

दुपार उलटल्यावर मावशींनी 'आता हळूहळू खाऊ दे' म्हणून परवानगी दिली आणि आम्ही चौघी शाळेच्या कोपऱ्यावर पोहे खायला गेलो. गाडीवर एक वयस्क बाई होत्या. आमचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"मराठी! आम्ही पण मराठीच. पणजोबा आले होते इकडे. तुम्ही कुठून येऊन राहिल्या?"

"मुंबईहून. कबड्डी खेळायला."

"इतक्या लांबून? कुणाशी होती मॅच?"

"वडाळ्याशी," प्रज्ञा म्हणाली.

"अच्छा," बाईंनी द्रोणात शेव घालता घालता विचारलं, "ते कोणत्या राज्यात आलं?"

दोन्ही मुलींनी आधी एकमेकींकडे बघितलं आणि मग असं हसायला सुरुवात केली की मावशींनी सानिकाच्या हातातला द्रोण काढून घेतला, ठसका लागेल म्हणून. बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी आनंदाने दोघींना एकेक जिलबी वाढली. इथे पोह्यांबरोबर जिलबी खातात. गोड आणि तिखट एका घासात, आपल्याकडे ऐकून नाक मुरडतील. मी दोनदा घेतली.

हसणं ओसरल्यावर सानिकाने खाली बघत विचारलं, "प्रज्ञा, मी बाद होते ना?"

"होतीस." प्रज्ञाच्या तोंडात घास होता. "तुझा आवाज आधीच बंद झालेला. दम तुटला असं नुसतं बोलले असते ना, तर गोल्ड आमचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"अगं, तुझा पाय गार पडलेला! तेव्हा कोणाला बाद-बिद सुचतं? वेडी आहेस का तू?"

सानिकाने गळ्यातलं पदक काढलं आणि तिच्यापुढे धरलं. प्रज्ञाने ते हातात घेऊन उलटसुलट केलं, दातांनी चावून बघितलं आणि परत दिलं.

"ठेव तूच. पत्रा आहे."

पुन्हा लालबाग

परतलो तेव्हा नाक्यावर नवा फ्लेक्स लागला होता. 'सुवर्णकन्या'. दादा तेच, फक्त आता त्यांनी हात जोडायच्या ऐवजी अंगठा दाखवला होता. हलगी वाजली, पेढे वाटले गेले, चाळीतल्या बायकांनी सानिकाला ओवाळलं. विलासने पदक स्वतःच्या गळ्यात घालून पूर्ण मजला फिरून घेतला. मी त्याला काही बोलले नाही. आमच्या बाबांनाही त्याने असंच कुणाच्या तरी खांद्यावर बसून मैदानातून घरी येताना पाहिलं होतं.

सुजाताने कोंबडी-वडे केले होते. स्वयंपाकाच्या ओट्याशी मला गाठून तिने हळूच विचारलं, "ताई, काय ते आधी सांगा. सरांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला. हो म्हणू की नको?"

मी गाडीत बसून उत्तर तयार केलं होतं. त्यात पाट्या होत्या, प्रमुख पाहुणे होते, एक्सपोजर होतं. बोलायला सुरुवात करणार, एवढ्यात सानिका ताटावर बसली. तिने पहिला वडा संपवला. सुजाताने दुसरा वाढायला हात पुढे केला, तसा सानिकाने ताटावर आडवा पंजा धरला.

"थांब मम्मी. काठमांडूला वजन कधी असतं?"

"का गं?"

"नाही, म्हणजे किती खाऊ ते सांग. मागच्या वेळी मी एक दिवस आधी बंद केलं, म्हणून चक्कर आली. आता हळूहळू कमी केलं ना, तर चालेल. आतापासून."

विलास पदक गळ्यात घेऊन दारात उभा होता. सुजाताच्या हातातला वडा तसाच हवेत राहिला.

चक्कर आल्याचं मी फोनवर सांगितलं नव्हतं. समोर बसून सांगावं म्हणून ठेवलं होतं. सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी होय म्हणून मान हलवली.

मग तिने सानिकाचा पंजा बाजूला केला, वडा ताटात ठेवला, त्यावर आणखी एक ठेवला, रस्सा ओतला, हात पुसले आणि फोन उचलला.

"सर, सानिकाची मम्मी बोलतेय. ती नाही येणार काठमांडूला... नाही, तब्येत चांगली आहे. म्हणूनच नाही येणार."

तिसऱ्या दिवशी विलासने पदक भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं, आणि मंडळाच्या मैदानात जाऊन मॅटसाठी काही करता येईल का ते विचारून आला.

अशा संघांबरोबर मुलांना पाठवावं का, हे आता मला लोक विचारतात, जणू मी त्या विषयाची अधिकारी झाले. मला माहीत नाही. रिद्धी काठमांडूला गेली. मागे बर्फाचे डोंगर असलेला तिचा फोटो ग्रुपवर आला, छान हसत होती. तिथेही ती राखीवच होती, पण डोंगर खरे होते. भरतीचं काय होईल, तेही मला माहीत नाही. सुजाताला रात्री त्याची काळजी वाटते आणि तिची काळजी खोटी नाही. ती मला म्हणाली होती, बघून या. जे बघितलं ते लिहिलं आहे.

वडाळा

प्रवासाचा शेवटचा टप्पा राहिला होता. एका रविवारी सकाळी मंडळाच्या मुली, सुजाता आणि मी बसने वडाळ्याला गेलो. जायला इतका कमी वेळ लागला की सुजाताला खिडकीची जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ झाली. वडाळा मुंबईत असूनही मी तिथे कधी उतरले नव्हते. इंदूर मला आता त्याहून जास्त माहीत आहे. रेल्वेच्या यार्डामागे मैदान आहे. वाऱ्याला मिठागरांचा खारट वास येतो. इमारती नव्या आणि जुन्या अशा शेजारी शेजारी, की कुठली कुणाकडे बघून लाजतेय ते कळत नाही. इथे कमान नव्हती. चुन्याच्या रेषा मावशींनी सकाळी स्वतः आखल्या होत्या, त्यामुळे मध्यरेषा किंचित वाकडी होती. प्रमुख पाहुणे कुणी नव्हते, म्हणून सामना वेळेवर सुरू झाला.

वजन कुणी केलं नाही.

गुण बरोबरीत नव्हते. वडाळा सरळ पुढे होतं. सानिकाने शेवटची चढाई घेतली, डाव्या कोपऱ्याकडे वळली, आणि प्रज्ञाने तशीच खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला. सानिका मातीत पडली. एक हात मध्यरेषेकडे ताणून ती सरपटत होती. बोटं चुन्यापासून वीतभर दूर होती आणि तिचा आवाज मला मैदानाच्या या टोकाला ऐकू येत होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. खणखणीत. सुजाताने माझं मनगट धरलं होतं.

या वेळी प्रज्ञाने पाय सोडला नाही.

दम संपेपर्यंत सानिका ओढत राहिली. मग तिने स्वतःच हात वर केला, "बाद!" म्हणून ओरडली, आणि तोंडभर माती घेऊन उताणी पडून हसायला लागली. प्रज्ञा तिच्या पायावर तशीच बसली होती.

"मम्मीऽऽ," सानिका तिथूनच हाक मारत म्हणाली, "डबा उघड!"